कासचं फूल केवढं असतं? सहलीचं समाधान घरीच कसं ठरतं

‘सीतेची आसवे’ हे कासच्या पठारावरचं निळं-जांभळं फूल करंगळीच्या नखाएवढं असतं. मोबाईलच्या पडद्यावर मात्र तेच फूल तळहाताएवढं दिसतं आणि त्याच्या मागे तशाच हजारो फुलांचा जांभळा पट्टा थेट आभाळापर्यंत गेलेला असतो. तो फोटो खोटा नसतो. कॅमेरा जमिनीला टेकवून, फुलाच्याच उंचीवरून तो काढलेला असतो. इतक्या खालून पाहिलं की मागचं प्रत्येक फूल पुढच्या दोन फुलांमधली मोकळी जागा भरून काढतं आणि विरळ ताटवाही घट्ट विणलेल्या गालिच्यासारखा दिसतो. प्रत्यक्ष गेलेला माणूस पाच-साडेपाच फुटांवरून खाली बघतो. त्याला त्या मोकळ्या जागा दिसतात, मधलं गवत दिसतं, ओला काळा कातळ दिसतो, आणि त्यात विखुरलेले ठिपके. फूल तेच, पठार तेच. बदलली ती फक्त डोळ्यांची उंची, पण तेवढ्यावरून ‘इतक्या लांब आलो आणि इथे काहीच नाही’ असं म्हणत माणसं परत फिरतात.

पर्यटकाचं समाधान या विषयावर गेली पन्नासेक वर्षं बराच अभ्यास झाला आहे. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की माणूस ठिकाणाला एकट्या ठिकाणाच्या मापाने मोजत नाही. तो घरून एक चित्र घेऊन निघतो आणि समोरचं ठिकाण त्या चित्राशेजारी ठेवून पाहतो. म्हणून कोकणात खोल्या भाड्याने देणारं कुटुंब असो, गडाच्या पायथ्याची ग्रामपंचायत असो किंवा पंधरा नातेवाइकांना घेऊन निघणारे काका असोत, त्या चित्रात काय काय असतं आणि ते कुठून येतं हे सगळ्यांनीच समजून घेणं फायद्याचं आहे.

हे चित्र कुठून येतं?

अमेरिकन अभ्यासक क्लेअर गन यांनी १९७२ मध्ये याचे दोन झरे सांगितले. एक आपोआप वाहणारा: शाळेचं पुस्तक, बातम्या, मामाने सांगितलेलं वर्णन, लहानपणी पाहिलेला सिनेमा. दुसरा मुद्दाम सोडलेला: जाहिरात, माहितीपत्रक, पर्यटन खात्याचं पोस्टर. पहिल्यावर माणूस जास्त विश्वास ठेवतो, कारण तिथे कोणी काही विकत नसतं. दुसऱ्याकडे तो थोडा सावधपणे बघतो. आजची अडचण अशी की रील आणि इन्स्टाग्रामवरचे फोटो दोन्हींच्या मधोमध बसतात. ते मित्राने टाकलेले असतात म्हणून पहिल्या झऱ्याइतके खरे वाटतात, पण निवडून, कापून, रंग चढवून टाकलेले असतात म्हणून काम दुसऱ्या झऱ्याचं करतात. जाहिरातीपुढे आपण जो सावधपणा ठेवतो, तो इथे राहत नाही.

चित्रात नुसती माहिती नसते, भावनाही असते, आणि समाधानाच्या हिशेबात ती फार वजनदार ठरते. रायगडाच्या हजारावर पायऱ्या चढताना घाम निघतो, गुडघे दुखतात, वर सावली कमी. तरी खाली उतरल्यावर पायऱ्यांची तक्रार करणारा माणूस विरळा. शाळेत असल्यापासून रायगड त्याच्या मनात जिथे आहे, तिथे पोचायला कष्ट पडणारच हे त्याने आधीच मान्य केलेलं असतं. पंढरीच्या वारीत आळंदीहून निघालेला माणूस आठवडे चालतो, पावसात भिजतो, जागा मिळेल तिथे झोपतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघतो. तेवढाच पाऊस आणि तेवढाच चिखल थंड हवेच्या ठिकाणी वाट्याला आला तर तोच माणूस रागावेल. गैरसोय किती झाली यापेक्षा ती त्या चित्रात बसत होती की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

चित्र आणि अनुभव यांची वजाबाकी

याचा पाया रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडलेल्या विचारात आहे. तो पर्यटनापुरता नव्हता, कोणत्याही खरेदीला लागू होता. माणूस अपेक्षा धरतो, मग अनुभव घेतो, मग दोन्हींची तुलना करतो. अनुभव वरचढ ठरला तर आनंद, बरोबरीत सुटला तर साधं समाधान, कमी पडला तर हिरमोड.

एवढ्यावर थांबलं तर एक चुकीचा सल्ला निघतो: अपेक्षाच कमी करा म्हणजे सगळे खूश. तो चालत नाही. अपेक्षा शून्यावर नेली तर कोणी येणारच नाही. शिवाय अनुभवाचं स्वतःचं वजन असतंच. तुंबलेलं न्हाणीघर हे अपेक्षा कितीही कमी असली तरी तुंबलेलंच असतं, आणि ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’ म्हटल्याने वास कमी होत नाही.

तफावत किती मोठी आहे यावरही मनाचं वागणं बदलतं. फरक थोडा असेल तर मन तो पोटात घालतं. खोलीतून समुद्र पूर्ण दिसेल असं वाटलं होतं, माडांच्या आडून अर्धाच दिसला, तरी माणूस ‘छान दिसतो’ म्हणतो, कारण आपली निवड बरोबर होती असं त्यालाही वाटून घ्यायचं असतं. फरक एका मर्यादेपलीकडे गेला की हेच मन उलटं वागतं आणि तफावत आहे त्याहून मोठी करून पाहतं. खोलीतून समुद्राऐवजी शेजारच्या घराची भिंत दिसली, तर मग त्याच घरातलं ताजं बांगड्याचं कालवणही ‘ठीक होतं’ यापुढे जात नाही. फोटो थोडा उजळ करणं आणि फोटोत नसलेला समुद्र दाखवणं यांत म्हणूनच फार अंतर आहे. पहिलं खपून जातं, दुसरं बाकीच्या सगळ्या चांगल्या गोष्टी गिळतं.

एका गोष्टीचा राग सगळ्यावर उतरणं हेही अभ्यासात जुनं आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉड या किनाऱ्यावर १९७८ मध्ये पिझाम, न्यूमन आणि रायशेल यांनी पर्यटकांच्या समाधानाचे आठ वेगवेगळे घटक सापडल्याचं दाखवलं. किनारा, खर्च, लोकांचं आतिथ्य, खाणंपिणं, राहण्याची जागा असे ते घटक होते. समाधान ही एक अखंड चीज नाही, तिचे भाग पडतात, हे त्यातून पुढे आलं. त्याचबरोबर त्यांनी हेही नोंदवलं की एका भागातली नाराजी पूर्ण सहलीवर पसरू शकते. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तसंच. भातात मात्र सगळी शितं सारखी शिजलेली असतात. सहलीत तसं नसतं, तरी मन परीक्षा तशीच घेतं.

संडास आणि भिंग

सगळ्या सोयी समाधानात सारखी भर घालत नाहीत. जपानचे नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये यातला फरक स्पष्ट केला. काही गोष्टी गृहीत असतात. त्या नसतील तर माणूस भडकतो, असतील तर त्याच्या लक्षातही येत नाहीत. स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी, दिलेल्या वेळेला उघडं असलेलं दार. या चोख ठेवून कोणाचं कौतुक मिळत नाही, पण त्यांच्याशिवाय दुसरं काहीही कामाला येत नाही. काही गोष्टी जितक्या जास्त तितक्या बऱ्या असतात: खोलीचा आकार, जेवणाची चव, रांगेतला कमी वेळ. आणि काही गोष्टी अशा असतात की त्या मिळतील हे पाहुण्याच्या डोक्यातच नसतं. नसल्या तर खंत नाही, मिळाल्या तर मात्र तो त्या वर्षभर लोकांना सांगत राहतो.

कासवर अशी एक गोष्ट म्हणजे भिंग. दहा पट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग काहीशे रुपयांत मिळतं. पठारावरचा कातळ जांभ्याचा आहे आणि त्यावर मातीचा थर अगदी पातळ. पावसाळ्यात पाणी साचून ही माती आणखी धुपते, त्यात पोषणद्रव्यं, विशेषतः नायट्रोजनयुक्त, फार कमी उरतात. म्हणून इथल्या बऱ्याच वनस्पती बुटक्या राहतात आणि पावसाच्या तीन-चार महिन्यांतच उगवून, फुलून, बी धरून मोकळ्या होतात. सीतेची आसवे तर जमिनीखालच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून कमी पडलेलं पोषण मिळवते. तिच्याच आसपास दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे अडकवते. हे कोणीतरी सांगितलं आणि हातात भिंग दिलं की ‘एवढंसंच फूल?’ या प्रश्नाचा सूरच बदलतो. लहान असणं ही उणीव होती, ती आता पाहण्याची गोष्ट होते. दवबिंदूच्या पानावर अडकलेला डास पाहिलेलं मूल गालिचा विसरून जातं.

यात पठाराचंही भलं आहे. पश्चिम घाटातल्या ३९ जागांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, त्यांत कास आहे. हंगामात तिथे वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या मिळून व्यवस्था पाहतात, दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आहे, आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. पण जो माणूस फोटोतला गालिचा शोधत आलेला असतो, तो वाटेवर थांबत नाही. ‘अजून पुढे दाट असेल’ म्हणून आत शिरतो, आणि फोटोतला कोन मिळवायला फुलांतच बसतो, आडवा होतो. त्याच्या बुटाखाली माती दबली की ती पातळ माती पुढच्या पावसात वाहून जाते. हे सगळे बेपर्वा लोक असतात असं नाही. त्यांच्यातले कित्येक चुकीचं चित्र घेऊन आलेले आणि ते मिळवू पाहणारे साधे लोक असतात. पाटी लावून त्यांना अडवावं लागतंच, पण आधीच योग्य चित्र दिलं तर अडवायची वेळ कमी येते.

नावाने वाढवलेली अपेक्षा

कासला ‘महाराष्ट्राची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ म्हणतात. उत्तराखंडमधली ती दरी तीन हजार मीटरच्याही वर आहे, तिथे घांगरियाहून पायी जावं लागतं, फुलांची झाडं गुडघ्या-कमरेपर्यंत वाढतात आणि मागे बर्फाची शिखरं असतात. हे नाव ऐकून आलेला माणूस नकळत त्या दरीच्या मापाने कासचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, मोजतो, आणि सडा त्या मापात बसणं शक्यच नसतं. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. हिमाचलमधल्या खज्जियारला ‘मिनी स्वित्झर्लंड’. अशी नावं पहिल्यांदा लोक खेचून आणतात, यात शंका नाही. पण प्रत्येक उधार नावासोबत त्या दुसऱ्या ठिकाणाच्या सगळ्या अपेक्षाही येतात, आणि आपल्या ठिकाणाचं खरं वेगळेपण झाकलं जातं. तापोळ्याला बर्फ नाही, शिकारे नाहीत. तिथे आहे तो तीन बाजूंनी जंगल असलेला शांत जलाशय, स्ट्रॉबेरीची शेती, पलीकडच्या काठावर जायला लाँच. तेच सांगितलं तर तेच बघायला लोक येतील. आमच्या मते उपमेचं नाव हे पर्यटनात केलेलं सगळ्यात महाग कर्ज आहे: पैसे आज मिळतात, व्याज प्रत्येक हिरमुसलेल्या पाहुण्याकडून पुढे कित्येक वर्षं वसूल होतं.

एकच माहिती, आधी आणि नंतर

माथेरान हे यासाठी फार स्वच्छ उदाहरण आहे. तिथे खाजगी मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे बाजारपेठेपर्यंत तीनेक किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्थानकापासून मिनी ट्रेनने जायचं. मोटार नाही म्हणून तिथे हॉर्न नाही, धूर नाही, लाल मातीच्या वाटा आहेत. माथेरानला जायचं कारणच ते. ही गोष्ट घरी असताना कळलेला माणूस चाकांच्या मोठ्या बॅगेऐवजी पाठीवरची सॅक घेतो, आजींसाठी ट्रेनची वेळ बघतो, बूट घालतो, आणि नाक्यावर उतरल्यावर त्याला मोकळं वाटतं. हीच गोष्ट नाक्यावर, चार बॅगा आणि झोपलेलं मूल हातात असताना कळली, तर सहलीची सुरुवातच भांडणाने होते. माहिती तीच. आधी मिळाली तर ती ठिकाणाचं वैशिष्ट्य ठरते, नंतर मिळाली तर फसवणूक.

याचं कारण दोष कोणाला द्यायचा याच्याशी जोडलेलं आहे. कासवर सप्टेंबरात धुकं उतरलं आणि दहा फुटांपलीकडचं दिसेना, तर आधी सांगितलेलं असताना माणूस म्हणतो, ‘आपलं नशीब नव्हतं.’ न सांगितलेलं असताना म्हणतो, ‘बुकिंग घेताना यांना माहीत नव्हतं का?’ निसर्गावरचा राग लवकर विरतो. माणसावरचा राग रिव्ह्यू लिहायला बसवतो.

अजिंठ्याला हेच डोळ्यांच्या बाबतीत होतं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आपण कॅलेंडरवर, पुस्तकात, भरपूर उजेडात पाहिलेला असतो. लेण्यात मात्र रंग जपण्यासाठी उजेड मंद ठेवलेला आहे आणि फ्लॅशला मनाई आहे. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला निदान पाच-दहा मिनिटं लागतात, पूर्ण सरावायला वीस ते तीस. बरेच लोक तीन मिनिटांत फिरून बाहेर पडतात आणि ‘चित्रं पुसली आहेत’ असं म्हणतात. त्यांच्या डोळ्यांना चित्रं अजून दिसायचीच होती. उपाय साधा आहे: बाहेर उन्हात गडद चष्मा लावून हिंडायचं, आत आल्यावरच काढायचा, आधी खांब आणि छताकडे बघत पाच मिनिटं थांबायचं, मोबाईलचा पडदा उघडायचा नाही कारण त्याच्या उजेडाने डोळे पुन्हा मागे जातात. मग भिंतीकडे वळायचं. एवढं तिकिटासोबत सांगितलं तर भिंतीवर एक रंगाचा थेंब न लावता तीच चित्रं उजळतात. वार पाहूनच निघावं हेही इथे येतं: अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. दोन्ही एका फेरीत करायला निघालेल्यांची चूक बहुतेक वेळा इथेच होते.

शेवटचा तास

सहल आठवताना मन सगळ्या तासांची बेरीज करत नाही. डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये केलेल्या प्रयोगात लोकांनी एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात धरला. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ, आणि वर आणखी अर्धा मिनिट, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. दुसऱ्यात त्रास जास्त वेळ होता. तरी पुन्हा एक निवडायला सांगितल्यावर बहुतेकांनी दुसराच निवडला, कारण त्याचा शेवट कमी त्रासाचा होता. अनुभवाचा सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, हे दोनच आठवणीवर सर्वांत खोल ठसा ठेवतात.

म्हणून पर्यटनाच्या गावात सगळी मेहनत स्वागतावर घालून निरोपाकडे दुर्लक्ष करणं ही मोठी चूक आहे. बिलात न सांगितलेले चहाचे पैसे, निघताना पार्किंगवाल्याशी वाद, रविवारी संध्याकाळी यवतेश्वर घाटात साताऱ्याकडे उतरणारी गाड्यांची रांग: पूर्ण दिवस चांगला जाऊनही आठवणीत हेच वर येतं. त्यातली घाटातली वाहतूक आपल्या हातात नाही, पण ‘चारच्या आधी निघा किंवा सातनंतर’ हे सांगणं हातात आहे. हिशेब आदल्या रात्रीच कागदावर देऊन टाकणं हातात आहे. थांबावंच लागणार असेल तर किती वेळ आणि का, एवढं सांगितलं की तोच वेळ लहान वाटतो. काहीच न सांगता लावलेली वीस मिनिटं तासासारखी होतात.

मोजायचं कसं?

‘पाहुणे खूश असतात’ असं सगळेच म्हणतात, कारण तोंडावर नाराजी सांगायला लोक संकोचतात. मोजायला दोन छोटे कागद पुरतात. पहिला आल्याबरोबर भरून घ्यायचा: काय बघायला आलात, ते कसं असेल असं वाटतं, यांतलं काय किती महत्त्वाचं. दुसरा निघताना: तेच मुद्दे, प्रत्यक्षात कसे होते. आठ-दहा मुद्द्यांहून जास्त नकोत, गुण १ ते ५. दोन्ही एकदमच शेवटी विचारणं ही नेहमीची चूक आहे, कारण अनुभव वाईट गेला की माणसाला आपली मूळ अपेक्षाही वेगळीच आठवते.

कोणाला विचारायचं तेही आधी ठरवावं. हसतमुख दिसणाऱ्यांना विचारलं तर उत्तरं हसतमुखच येतात. बाहेर पडणारा प्रत्येक दहावा गट धरावा, शनिवार-रविवार आणि मधले वार दोन्ही घ्यावेत, आणि मालकाने समोर उभं राहू नये. शंभर उत्तरं जमली तर टक्केवारीत साधारण दहाचा इकडेतिकडे फरक धरावा लागतो, चारशे जमली तर पाचचा. वीस उत्तरांवरून ‘टक्के’ काढूच नयेत. सरासरीसोबत कोणी किती गुण दिले तेही बघावं. निम्म्यांनी ५ आणि निम्म्यांनी १ दिले तरी सरासरी ३ येते, आणि त्या ठिकाणी ‘बरं आहे’ म्हणणारा एकही माणूस नसतो.

मग मार्टिला आणि जेम्स यांची १९७७ मधली पद्धत वापरता येते. आडव्या रेषेवर प्रत्यक्ष गुण, उभ्या रेषेवर महत्त्व, आणि कागदाचे चार चौकोन. समजा एका ठिकाणी असे आकडे आले, महत्त्व आधी आणि प्रत्यक्ष नंतर: फुलं ४.८ व ४.४, पार्किंग ४.५ व ४.३, स्वच्छतागृह ४.७ व २.६, खाण्याच्या टपऱ्या २.१ व ४.०, माहिती सांगणारा वाटाड्या ३.२ व २.४. चौकोनांच्या रेषा ३ वर आखू नयेत, कारण लोक महत्त्वाला गुण सढळ हाताने देतात आणि जवळपास सगळंच वर चढतं. त्याऐवजी सरासरीवर आखाव्यात, इथे महत्त्वासाठी ३.८६ आणि प्रत्यक्षासाठी ३.५४. स्वच्छतागृह ‘महत्त्वाचं पण वाईट’ या चौकोनात पडतं. पहिला पैसा तिथे. टपऱ्यांवर आणखी खर्च करायची गरज नाही.

वाटाड्या मात्र ‘कमी महत्त्वाचं, कमी गुण’ या चौकोनात जातो आणि इथे ही पद्धत फसवते. न अनुभवलेल्या गोष्टीला लोक महत्त्व देत नाहीत. वर भिंगाचं जे सांगितलं ते हेच. म्हणून अशा मुद्द्याची वेगळी पडताळणी करावी: ज्यांनी वाटाड्या घेतला आणि ज्यांनी घेतला नाही, त्यांच्या एकूण समाधानाचे गुण शेजारीशेजारी मांडावेत. घेणाऱ्यांचे एकूण गुण स्पष्टपणे वर दिसले, तर लोकांनी कागदावर महत्त्व कितीही कमी लिहिलेलं असो, वाटाड्या नेमण्याचा विचार गंभीरपणे करावा. घेणारे मुळातच जास्त हौशी असू शकतात. तेव्हा महिनाभर एक वाटाड्या ठेवून एक दिवसाआड सगळ्यांनाच तो मोफत द्यावा आणि दोन्ही प्रकारच्या दिवसांचे गुण पुन्हा ताडून पाहावेत.

जाणाऱ्याने काय करावं?

फोटो बघताना तारीख बघावी. कासवर दर दहा-पंधरा दिवसांनी रंग बदलतो. साधारणपणे आधी पांढरे गेंद, मग तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा जांभळा, पुढे सोनकीचा पिवळा. पाऊस पुढेमागे झाला की हा क्रमही सरकतो. गोव्याच्या किनाऱ्याचा जानेवारीतला फोटो जूनमध्ये उपयोगी नाही. तेव्हा समुद्र खवळलेला असतो, पोहायला मनाई असते, शॅक उतरवलेले असतात. रिव्ह्यू वाचताना पाच आणि एक तारेवाले बाजूला ठेवून तीन तारेवाले वाचावेत. त्यांत ‘पण’ हा शब्द हमखास येतो आणि त्या ‘पण’च्या पुढे जे असतं तेच आपल्याला हवं असतं.

फोनवर ‘छान आहे ना?’ असं विचारू नये, उत्तर एकच मिळतं. आकडा द्यावा लागेल असं विचारावं: गाडीपासून खोलीपर्यंत किती पायऱ्या? काल तिथे कोणती फुलं होती? रात्री वीज किती वेळ जाते? आणि मिळालेली उत्तरं गाडीतल्या सगळ्यांना सांगावीत. कौटुंबिक सहलीत हे हमखास राहतं. ठरवणाऱ्याने सगळं वाचलेलं असतं, बाकी बाराजणांनी ग्रुपवर आलेला एक फोटो पाहिलेला असतो. मग पोचल्यावर तो एकटा समाधानी असतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघत असतात.

खोल्या देणाऱ्यांसाठी एक नमुना देतो, आपापल्या जागेप्रमाणे आकडे बदलून घ्यावा:

‘नमस्कार. रस्त्यापासून घरापर्यंत ६२ पायऱ्या आहेत, बॅगा उचलायला माणूस मिळेल. फुलं लहान आहेत, नखाएवढी, वाकून बघावी लागतात. लहान मुलांसाठी भिंग आमच्याकडे आहे. या आठवड्यात रोज दुपारनंतर धुकं येतं, म्हणून सकाळी आठच्या आत पठारावर पोचा. पठाराची नोंदणी वेगळी आणि आधी करावी लागते. नेटवर्क अंगणातच मिळतं. जेवण शाकाहारी, भाकरी चुलीवरची, रात्री साडेआठला. रविवारी परतताना चारच्या आधी निघा.’

हा संदेश पैसे घेण्यापूर्वी पाठवायचा, म्हणजे ज्याला ६२ पायऱ्या जमणार नाहीत त्याला दुसरं घर शोधायला वेळ मिळतो. आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा पाठवायचा, त्या दिवशीच्या पठाराच्या एका फोटोसकट. तो फोटो उभं राहून, आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला असावा.